हिरवळीवर बसण्याची परवानगी

मुलुंड, फेब्रुवारी १९७३

ती. सौ. कुंदावन्सं यांस मथुराचा नमस्कार.

गुडघे आता जिना चढू देतात का? भावोजींचा खोकला गेला का? मुलांना आशीर्वाद.

इकडची मोठी बातमी म्हणजे आमच्या कंपनीतली हिरवळ. तुमचे भाऊ मशीनवर उभे राहायचे तिथल्या खिडकीतून दिसायची, तीच. हे गेले तोवर तिच्यावर माळ्याशिवाय कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. पडलंच तर मेमो. (यांच्या माघारी मला पॅकिंगमध्ये घेतलं, तेव्हा पहिली सूचना हीच मिळाली.) आता नवे साहेब आलेत. त्यांनी पाटी उपटली, तारेचं कुंपण काढलं, गोल बाकं आणवली आणि जाहीर केलं, की जेवणाच्या सुट्टीत सर्वांनी इथे बसावं, बोलावं. बाकं मात्र अशी, की बसणाऱ्यांनी एकमेकांकडे पाठ करावी. (मी वाचनालयातून बागांवरचं पुस्तक आणून पाहिलं. सगळ्या बागा राजांच्या. डबा कुठे उघडायचा, ते लिहिलेलं नाही.)

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. जयवंत फोरमन म्हणाला, "बसा की वैनी! वर ऑफिसातून नावं लिहून घेतायत." शेवटी साहेबांनी कळवलं, शनिवारपर्यंत कुणी बसलं नाही तर मालक तिथे मोटारी उभ्या करणार.

वन्सं, त्या खिडकीतून मोटारी दिसाव्यात हे मला सोसेना. शुक्रवारी डबा घेऊन गेले. काठावर चपला आपोआप निघाल्या, देवळात निघतात तशा. मागून पॅकिंगमधली मालन आली, तिनेही काढल्या. "मेलं, किती मऊ गं!" मग अख्खं पॅकिंग, मग मशीनवाले. बघता बघता गवतावर समोरासमोर पंगत बसली आणि बाकांवर डबे. साहेब धावत आले. चपलांचा ढीग बघून त्यांनीही बूट काढले. (मोजा अंगठ्याशी फाटका. तेव्हापासून साहेब सगळ्यांना आवडतात.) गवत उन्हाने कोमट झालं होतं. डोंगराकडून वारा येत होता, बोलणी लांबून आल्यासारखी वाटत होती, आणि भोंगा होईपर्यंत हे कुठलं साल, तेच मला कळेना. मग चपलांची अदलाबदल. जयवंत संध्याकाळपर्यंत मालनच्या चपलांत वावरला. मोटारींचा बेत मात्र मोडला.

पत्र पोचल्याच्या दोन ओळी टाका.

तुमची
मथुरा

ता. क. जेवण झाल्यावर मी तिथे आडवी झाले. भर दुपारी, एवढ्या पुरुषांसमोर, पदर तोंडावर घेऊन. हे घरी येऊन म्हणायचे, "एकदा त्या गवतावर पाठ टेकायचीय." लोक धावले, कांदा हुंगवला. मी म्हटलं, घेरी आली.

आणखी एक. कंपनीचे डॉक्टर तुम्हाला पत्र घालून (पत्ता मीच दिला) विचारणार आहेत, हिला पूर्वी कधी घेरी यायची का. लग्नापासून दर शुक्रवारी येते, असं लिहा.