घोटावर सुटणाऱ्या गाड्या

ती. दादास,

कंबर वाकेल तितकं वाकून नमस्कार. वहिनींचे गुडघे कसे आहेत? तुझा रक्तदाब विचारत नाही, तो माझ्यामुळेच वाढतो असं तूच मागच्या पत्रात लिहिलंस.

या वयात प्रयोगाचा उंदीर होऊ नकोस, पाणी पीत राहा, हा तुझा सल्ला पोचला. पाणीच पितेय रे. किरणोपचारांनी घशातली कॅन्सरची गाठ घालवली (उपकार विसरणार नाही), पण जाता जाता लाळेच्या ग्रंथीही सुकवल्या. बसस्थानकाच्या घोषणा-खोलीत दोन वाक्यं बोलले की जीभ टाळूला चिकटते, मग एक घोट. तो भोंग्यातून सगळ्या फलाटांवर ऐकू जातो. ड्रायव्हर मंडळींना त्याची इतकी सवय झाली, की घोषणा कोण ऐकतो, घोट ऐकला की गाडी सोडायची. परवा मला नुसतीच तहान लागली, आणि फलाट तीनवरची गाडी एकही प्रवासी न घेता निघून गेली (कंडक्टरसुद्धा चहाचा पेला धरून खालीच). साहेब म्हणाले, घोषणा रेकॉर्ड करून ठेवू, तुम्ही हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसा. मी म्हटलं, बसणार नाही. माझा आवाज म्हणजे कुणाची विसरलेली छत्री नव्हे.

तर उपाय असा. गालाच्या आत लाळेची बारीक वाट असते. तिच्यातून अगदी बारीक नळी घालून ग्रंथीत एक जनुक सोडायचं, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून. (विषाणू वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय.) ते जनुक उरल्यासुरल्या पेशींना पाणी बाहेर सोडायची नवी दारं करायला लावतं. चाचणी अजून चालू आहे, खात्री कुणी देत नाही. पण प्रत्येक घास पाण्याने ढकलत जेवायचं आणि त्यालाच समाधान म्हणायचं, हे तू मला शिकवू नकोस. तुझ्या तोंडाला नुसत्या फोडणीच्या वासाने पाणी सुटतं. माझं ठरलंय, आणि माझं ठरलेलं घरात कुणी मोडल्याचं तुला आठवत असेल तर कळव.

तुझी हट्टी
धाकटी

ता. क. सोबत जवळचं माणूस लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सोमवारी सकाळी. तुझं नाव सांगून टाकलंय.

आणखी एक. नळी घालताना माझं तोंड उघडं असणार, बोलता येणार नाही. जनुक सोडण्याआधी डॉक्टरीणबाई शेवटचं विचारतात, नक्की ना, म्हणून. उत्तर तुला द्यायचंय. मी घाबरलेली दिसेन. तरी हो म्हण.