मागच्या खोलीला कुलूप

प्रिय मंदाताई,

तुम्ही गेल्यावर काही लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण आज आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मागच्या खोलीला नव्या प्राचार्यांनी कुलूप लावलं. हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते कळेना.

तिथे कॉम्प्युटर येणार आहेत. कधी? ते ठरलेलं नाही. कुलूप मात्र लागलं.

त्या खोलीत तुम्ही मुलांना मोठ्याने वाचू द्यायचात. अर्थशास्त्राच्या पुस्तकाची एकच प्रत, तीही इंग्रजी, आणि घरी न्यायची नाही. एक जण वाचायचा, दुसरा मराठीत सांगायचा, आणि नेरे गावची वनिता तेच पुन्हा आपल्या बोलीत. "समजला काय रे? नाय? मंग परत वाच. तोंडातल्या तोंडात नको!" आता मी बसतो त्या काउंटरवर बसून तुम्ही सगळं ऐकायचात.

"हे ग्रंथालय आहे की मासळीबाजार?" आधीचे प्राचार्य एकदा म्हणाले.

"बाजारात कुणी नापास होत नाही, सर," तुम्ही म्हणालात. तेही हसले.

मला असं कुठे सुचतं!

तुमचा रागही येतो. सगळा कारभार तोंडी. आधीच्या प्राचार्यांना चहा पाजून खोली मिळवलीत, एक ओळ लिहून घेतली नाहीत. आज मी नव्यांना विचारलं, तर उत्तर मिळालं, "तिथे वाचनाची खोली होतीच कधी?" ताई, एक साधा अर्ज द्यायला काय झालं होतं?

दुपारी वनिता आली. गेल्या वर्षी तिचा अर्थशास्त्राचाच पेपर राहिला. यंदा राहिला तर कॉलेज बंद, लग्न. वडिलांनी तसं सांगितलंय. परीक्षा तोंडावर आहे.

"सर, आमी कुठं बसू?"

"ग्रंथालयाच्या हॉलमध्ये बसा."

"तिथं बोलू देत नाय. गप बसून मना काय समजत नाय."

"मग घरी?"

"घरी पुस्तक कुठं हाय, सर?"

मी तिला उद्या ये म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असतात?

उद्या किल्ली मागायला पुन्हा जाईन. नाही मिळाली, तर त्या सगळ्यांना हॉलच्या मधल्या टेबलाशी बसवीन आणि वनिताला सांगेन, वाच, मोठ्याने वाच. ज्यांना त्रास होईल त्यांनी माझ्याशी भांडावं. मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, पण परीक्षा होईपर्यंत त्या टेबलापासून मी हलणार नाही.

तुमचा,
सुधीर