उलट्या तारांची गिटार

नाना, मी गिटार शिकून आले. सहा दिवस घर सोडून, अकरा अनोळखी माणसांबरोबर शाळेच्या वसतिगृहात राहून, या वयात, आणि या हातांनी. काल संध्याकाळी परत आले तेव्हापासून कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालंय. ह्यांना सांगून झालं, लेकीला फोनवर दोनदा सांगून झालं, शेजारच्या वहिनींनी तर दळणाचा डबा कडेवर धरून उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. तरी जीव शांत होईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं फार वेळा वाटलं नाही, हेही खरं.

लेकीनंच मोबाईलवर जाहिरात पाठवली होती. दिवाळीच्या सुट्टीत निवासी गिटार वर्ग, अणदूरच्या पुढं एका निवासी शाळेत, वयाची अट नाही, गिटार तिथंच मिळेल. "आई, गाणं लागलं की तू गाणाऱ्याकडं लक्षच देत नाहीस, मागं कोण काय वाजवतंय तेच ऐकत बसतेस. जा की एकदा," म्हणाली. तिचं खरंय. आणि ती सवय तुमच्यामुळं लागली, नाना. मी दहावी पास झाले तेव्हा आपल्या ईट गावातल्या माझ्या मैत्रिणींना त्यांच्या घरच्यांनी शिलाई मशीन घेऊन दिलं. तुम्ही बार्शीच्या बाजारातून माझ्यासाठी ट्रान्झिस्टर आणला. चामड्याच्या पिशवीतला, खांद्याला अडकवायचा. "ऐकायला काय लागत न्हाय. बस ऐकत," म्हणालात. मला इतका आनंद झाला होता की मी तो जेवतानासुद्धा मांडीवर घेऊन बसायचे. 'काय लागत न्हाय' म्हणजे हात लागत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या दिवशी वर्गातले बाक भिंतीला लावून आम्हाला सतरंजीवर गोल बसवलं. प्रत्येकाच्या मांडीवर एक गिटार. तुम्ही ती कधी जवळून पाहिली नसेल. लाकडी, पोकळ पोटाची, मधोमध मोठं गोल भोक, लांब मान आणि सहा तारा. मी नुसता अंगठा फिरवला तर आवाज आधी माझ्या पोटात घुमला आणि मग कानाला ऐकू आला. अंगावर काटा आला माझ्या. शिकवणारी सोलापूरची, सव्वीस-सत्तावीसची मुलगी, आखूड केस, पायात रबरी चपला. ती म्हणाली, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी मानेवर दाबायच्या. डाव्या हाताच्या! जाहिरात वाचताना हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तिथं गेल्यावर काहीतरी मार्ग निघेल असं मनाशी धरून गेले होते. माझा डावा हात नेहमीसारखा पदराखाली होता. मुलगी एकेकाजवळ बसत बसत माझ्यापाशी आली. "काकू, डावा हात?" मी काढला. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं, दोन्ही दुसऱ्या पेरापासून नाहीत. सगळे बघायला लागले. ती 'अरेरे' म्हणाली नाही, एवढं तिचं चांगलं. उरलेली दोन बोटं धरून तिनं इथं दाब, तिथं दाब असं बराच वेळ करून पाहिलं. तार नुसती खर्र करायची. शेवटी ती म्हणाली, "आज तुम्ही फक्त ऐका, काकू." ती चांगल्या मनानंच म्हणाली. पण माझे कान गरम झाले. संध्याकाळी चहा झाल्या झाल्या मी पिशवी भरली.

माझ्या खोलीत कळंब आगारातली एक कंडक्टर होती, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मूळची येरमाळ्याची. हौदावर ती साबण लावून कपडे आपटत होती. मला पिशवीसकट बघून तिनं हात थांबवला. "कुठं निघालाव ताई?"

"सकाळच्या गाडीनं घरी. मला जमणार नाही."

"बोटाला काय झालं वो?"

नाना, इतकं सरळ मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. लोक बघतात आणि नजर वळवतात. आणि मग मी तिला सगळं सांगितलं, जे मी ह्यांनासुद्धा लग्नानंतर एकदाच, दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी अकरा वर्षांची. गोठ्याच्या तोंडाशी कडबा कापायचं मशीन. तुम्ही चाक फिरवताय, मी पेंढी आत सारतेय. रस्त्यानं कोणीतरी तुम्हाला हाक मारली, तुम्ही मान वळवून उत्तर दिलं आणि हात मात्र चाक फिरवतच राहिला. मी पेंढी सोडली नाही. एवढंच. दवाखान्यात जाताना तुमच्या धोतरानं माझा हात गुंडाळला होता. त्यानंतर चूक कोणाची हे आपल्या घरात कधी कोणी बोललं नाही.

तिनं सगळं ऐकलं आणि एक भलताच प्रश्न विचारला. "मग परत त्या मशीनवर वडलांनी कडबा कापला का?"

कापला नव्हता. मशीन गोठ्याच्या मागं चिंचेखाली गंजत पडलं. तुम्ही बाभळीच्या ओंडक्यावर कोयत्यानं कडबा तोडायचात, रोज, आठ-नऊ जनावरांचा, पाठ दुखायला लागली तरी. आई म्हणायची मशीन बिघडलंय. मी ते खरं धरून चालले होते, नाना! पन्नाशी उलटली माझी, आणि ते मशीन बिघडलेलं नव्हतं हे मला त्या हौदावर, दुसऱ्याच्या धुण्याजवळ उभं राहून कळलं.

आणि मग पेटीचं आठवलं. आठवीत असताना स्नेहसंमेलनात मला पेटी वाजवायची होती. उजवा हात पट्ट्यांवर, डाव्यानं भाता मारायचा, त्याला बोटं लागत नाहीत. गुरुजींनी मला पुढं बसवलं होतं. तुम्ही तालमीच्या वेळी शाळेत आलात, मला दंडाला धरून उठवलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "लोकांना दाखवायचा हात हाय का त्यो?" मी घरी येईपर्यंत रडले. माझ्या हाताची तुम्हाला लाज वाटते, हे मी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं आणि तेव्हापासून तो पदराखाली गेला. लाज तुम्हाला माझी वाटत नव्हती. कोणीतरी विचारेल, हे कसं झालं, आणि उत्तर द्यावं लागेल, त्याला तुम्ही भीत होतात. तरी ते बोलायला नको होतं तुम्ही. आज कारण कळलं म्हणून ते बोलणं हलकं होत नाही. पण कारण कळलं, हेही काही थोडं नाही.

कंडक्टरनं ओल्या हातानंच माझी पिशवी ओढून घेतली. "सकाळची गाडी तशी बी वेळेवर येत न्हाय. ऱ्हावा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चहाला गेले तर शिकवणारी मुलगी जेवणघराच्या पायरीवर बसलेली, मांडीवर गिटार, बाजूला सुट्या तारांची वेटोळी. तिनं सहाच्या सहा तारा काढून उलट्या क्रमानं लावल्या होत्या. जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसेना, तर स्वयंपाकीणबाईंच्या घरून कानस मागून आणून खाचा रुंद केल्या होत्या. "काकू, उजव्या हातानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं. छेडायला अंगठा आणि शेजारचं बोट पुरतं. काल मला हे सुचायला हवं होतं, चुकलं माझं." एवढं बोलून तिनं गिटार माझ्या मांडीवर उलटी ठेवली. माझा डावा हात, नाना, पदरातून निघाला आणि तारांवर जाऊन बसला, जणू त्याची जागाच ती होती. खालून वर, वरून खाली. एकही तार खर्र केली नाही!

मग काय विचारता. पहाटे उठून मीच आधी वर्गात जायचे. तीन-चार तारा ठरावीक जागी एकदम दाबल्या की त्याला कॉर्ड म्हणतात. जी, सी, डी अशा तीन कॉर्ड आधी शिकायच्या आणि एकीवरून दुसरीवर न थांबता उडी मारायची. तीच उडी जमत नाही. चार बोटं चार दिशांना पळतात. तहसील कचेरीत तीस वर्षं लिहिणारा माझा उजवा हात, त्याला वाटायचं आपल्याला सगळं येतं, तो पार रडकुंडीला आला. बोटांच्या टोकांवर तारांच्या रेघा उमटल्या, कातडी हुळहुळली. दुपारी भाकरीबरोबर ठेचा आला आणि मी बोट घातलं मात्र, ब्रह्मांड आठवलं! दोन दिवस सगळे ठेचा चमच्यानं खात होते आणि एकमेकांना हसत होते. चौथ्या दिवशी, जेवणाआधी, 'जी'वरून 'सी'वर बोटं आपोआप गेली. मी थांबले. परत केलं. परत गेली. मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर तुरीत खुरपणाऱ्या बाया कुंपणापाशी येऊन बघायला लागल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांनी वाजवून दाखवायचं होतं. गावातली माणसं आली, कुणाकुणाच्या घरची आली. त्या खुरपणाऱ्या बाया पुढंच बसल्या. कंडक्टर येरमाळ्याच्या येडाई देवीचं एक गाणं म्हणणार होती, तिच्या आईकडून आलेलं, आणि त्याला तीनच कॉर्ड लागतात असं आम्ही दोघींनी शोधून काढलं होतं. मी तारांवर बोटं ठेवली. ती माझ्याकडं झुकून म्हणाली, "ताई, डबल बेल!" आणि गाडी सुटली. तिचा आवाज फाटका, पण असा मोकळा की पत्र्यावर जाऊन आपटला. दुसऱ्या कडव्यात माझ्या हातातली तारा छेडायची प्लास्टिकची चकती सटकली आणि गिटारच्या भोकातून आत गेली. मी वाजवणं थांबवलं नाही. उरलेलं गाणं अंगठ्यानं आणि त्या अर्ध्या बोटांनी वाजवलं. आवाज थोडा मऊ झाला, कंडक्टरनंही आवाज खाली आणला, आणि पुढच्या बाया टाळ्यांचा ठेका धरून आमच्याबरोबर म्हणायला लागल्या. गाणं संपलं तरी त्या थांबेनात. आम्ही पुन्हा पहिल्यापासून म्हटलं! माझा हात तीन-चारशे डोळ्यांसमोर उघडा होता आणि त्यातल्या एका म्हातारीनं नंतर तो हातात घेऊन, उलटापालटा करून पाहिला. "कशानं गं?" "कडब्याच्या मशीननं," मी म्हणाले. "आगं बया," म्हणाली आणि मला पान दिलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, आता काय, गिटार घ्यावी लागेल. लेकीनं सोलापुरातलं दुकानही शोधून ठेवलंय. पुढच्या रविवारी आम्ही जाणार आहोत.

तुम्ही असतात तर हे सगळं तुमच्यासमोर बसून मला सांगता आलं असतं का, माहीत नाही. बहुतेक तुम्ही उठून गोठ्याकडं गेला असतात. म्हणून लिहिणं बरं. हा कागद मी कुठं ठेवणारही नाही, देवापुढं तर मुळीच नाही. पण लिहितेच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. लेकीनं फोनवर विचारलं, "वाजवताना तुला आजोबांची आठवण आली असेल ना?" मी हो म्हणाले. खोटं बोलले. पूर्ण गाणंभर, दोन्ही वेळा, तुम्ही एकदाही आठवला नाहीत, नाना.