कर्नेलच्या इतिहासात माझं नाव

३ जुलै
आजपासून रोजनिशी. शेखावत सर म्हणाले, देवदत्तजी, महिनाअखेरपर्यंत एका तरी डॉक्युमेंटवर ‘रिव्ह्यू केलं’ म्हणून तुमचं नाव लागू द्या, नाहीतर कस्टमर सपोर्टला पाठवतो. सपोर्ट म्हणजे दिवसभर हेडफोन लावून लोकांना मशीन बंद करून चालू करायला सांगायचं. मी कर्नेलचा माणूस. कर्नेल म्हणजे मशीनचा गाभा. तो लिहिणारे जगभर पसरलेत, आणि त्यांनी वाचायची डॉक्युमेंटं तपासणारा जयपूरला मुरलीपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. कर्नेलच्या इतिहासात एकदा नाव लागलं की कायमचं, कुणाला पुसता येत नाही. सांगलीला आईला फोन करून सांगून टाकलं. तिने लगेच शेजारच्या रमामावशींना कळवलं.

६ जुलै
डॉक्युमेंट आमच्या टीममधल्या कस्तुरीने लिहिलंय. इथल्याच विद्याधर नगरात वाढलेली, मराठी बोलते पण हिंदीच्या वाटेने. विषय: मशीन कोसळलं तर कारण कसं शोधायचं. त्यासाठी आधी ते मुद्दाम कोसळवून बघायचं असतं. चौदा पानं. संकल्प: रोज दोन पानं, प्रत्येक कमांड स्वतः चालवून.

७ जुलै
फार उकडतंय. शीर्षक वाचलं. ठीक आहे.

१२ जुलै
मधले दिवस चिंतनात गेले. अकरा स्वल्पविराम काढायला लावले. कस्तुरी म्हणाली, मतलब, कमांड चालवून बघितल्या का? म्हटलं, अनुभवी माणसाला कमांड वाचूनच कळते. ती परत आपल्या मशीनकडे वळली. पटलं असावं.

१८ जुलै, दुपार
आज खरं काम केलं. पान नऊवर ठळक अक्षरांत चौकट: ही कमांड स्वतःच्या कामाच्या मशीनवर चालवू नका, मशीन जागीच कोसळेल, सेव्ह न केलेलं सगळं जाईल. किती नकारात्मक! कर्नेल लिहिणाऱ्यांना हे सांगायचं? काढायला लावली. कस्तुरी अडून बसली होती. शेवटी म्हणाली, ठीक आहे, पण तुम्ही सांगितलं असं लिस्टवर लिहा. लिस्ट म्हणजे जगभरच्या सगळ्यांना जाणारा मेल. अभिमानाने लिहिलं.

२४ जुलै
लिस्टवर जाहीर केलं: पूर्ण वाचलं, प्रत्येक कमांड चालवून पाहिली. चालवणारच आहे, त्यामुळे खोटं नाही. मेल परत आला. लिस्टला रंगीत अक्षरं चालत नाहीत म्हणे. मी फक्त माझं नाव निळं केलं होतं. नाइलाजाने काळं करून पाठवलं.

२७ जुलै
मेंटेनरचं उत्तर आलं. डॉक्युमेंट घ्यायचं की नाही, हे तो ठरवतो. एकच ओळ: पान नऊची कमांड चालवल्यावर जी फाइल तयार झाली, तिचं नाव कळवा. काही माणसं स्वभावानेच संशयी असतात. उद्या चालवतो.

२९ जुलै
कचोरी बाधली. उद्या नक्की.

३० जुलै, सकाळी १०.४०
सर म्हणाले, इथेच, माझ्यासमोर चालवा. लॅपटॉपवर ‘माझं योगदान’ हे अकरा पानी टिपण उघडं होतं. तीन दिवस सेव्ह केलं नव्हतं, कारण अजून फुलत होतं. कमांड दिली. पडदा थिजला. सरांनी विचारलं, पहिल्या मसुद्यात इथे एक चौकट होती, ती कुठे गेली? कस्तुरीने माझं नाव घेतलं नाही. चांगली मुलगी आहे. पण माझा मेल लिस्टवर होताच, आणि सर लिस्ट वाचतात. थडीवर, म्हणजे इथल्या चहाच्या टपरीवर, जाऊन दोन चहा प्यायलो.

३१ जुलै
कस्तुरीने चौकट परत घातली, सरांनी कमांड वेगळ्या मशीनवर चालवून फाइलचं नाव कळवलं. मेंटेनरने तासाभरात डॉक्युमेंट स्वीकारलं. इतिहासात माझं नाव लागलं, कायमचं. ‘रिव्ह्यू केलं’पुढे शेखावत सर आहेत. मी त्याच नोंदीतल्या वरच्या खुलाशात आहे: चौकट का हवी, तर जयपूरच्या देवदत्त यांनी ती काढायला लावली आणि मग कमांड स्वतःच्याच मशीनवर चालवली.

आईला फोन केला. म्हटलं, लागलं नाव. ती म्हणाली, वाचून दाखव, रमा बसलीय इथे. म्हटलं, इंग्रजीत आहे. म्हणाली, रमाची सून इंग्रजीच शिकवते, तेवढी लिंक पाठव. फार वाईट वाटलं. रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

उद्या नऊपासून सपोर्ट. हेडफोन मिळालाय. सराव म्हणून माझा लॅपटॉप बंद करून चालू करून पाहिला. बंद झाला.