बाईंनी लावलेलं दार

१२ जानेवारी १९९२, बाळकुम

मरणाऱ्या माणसाची घरी येऊन काळजी घेणारी संस्था, ही कल्पनाच मला पटलेली नाही. डॉक्टरांनी सुचवलं म्हणून नर्स सुमतीबाई येतात. त्यांच्या औषधाने बाबांचं दुखणं उतरतं, हे खरं. पण आज त्यांनी मला बाहेर काढून दार लावून घेतलं. अर्धा तास.

आमच्या घरात या दुखण्याला अल्सर म्हणतात. कॅन्सर हा शब्द बाबांपुढे काढायचा नाही, असं आईने बाईंना पहिल्याच दिवशी बजावलेलं. मग दार कशाला? अल्सरबद्दल अर्धा तास काय बोलणार?

जिन्यात गाठलं त्यांना.

"सांगितलंत ना?"

"मी कशाला सांगू? अल्सरसाठी परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात कोण नेतं हो, असं तेच मला विचारतात. हसतात वर."

"म्हणजे माहीत आहे?"

"पहिल्यापासून. मुलगा हळवा आहे, बोलू नका म्हणाले होते. आज म्हणाले, आता तुम्हीच सांगा त्याला, मला जमत नाही."

बाई स्वतःला वाचवायला बनवून सांगत असतील का? पण परळहून परतताना बाबांनीच मला लिंबू सरबत पाजलं होतं. "अल्सर तर आहे, घाबरतोस काय?" तेव्हा मला वाटलं, बाबा फसले.

संध्याकाळी बाबांनी हाक मारली. "जरा बस रे इथे."

दूध आणतो म्हणालो आणि बाहेर पडलो. दूध घरात होतं.