माझ्या नावाचं चीवर

रविवार, २८ डिसेंबर २०२५

साधू म्हणालो! मीच म्हणालो! तेही मोठ्यानं!

दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरात हा कार्यक्रम असतो. बुद्ध-बाबासाहेबांसमोर मेणबत्ती, उदबत्ती, त्रिशरण-पंचशील, आणि मग पप्पा येत्या वर्षाचे संकल्प सांगतात. प्रत्येकाचा वेगळा. विचारून नाही — सांगून. त्यांचं वाक्य संपलं की आम्ही हात जोडून साधू, साधू, साधू म्हणायचं. म्हणजे मान्य. पंचशील घेऊन दिलेला शब्द मोडला तर ते खोटं बोलणंच, असं पप्पांचं म्हणणं. गेल्या वर्षी वनिताला मोबाइल कमी, आईला सकाळचं फिरणं, मला गुटखा बंद. गुटखा सुटला, खोटं कशाला बोलू. आईचं फिरणं गल्लीतल्या कडूबाई काकूंच्या दारापर्यंत जातं आणि तिथंच बसतं.

आज पप्पा बोलत होते आणि माझं डोकं चाकणला. कंपनीत वायरमनची जागा नक्की झालीय, काल सुपरवायझरचा फोन आला. घरात कसं सांगायचं ते मनात जुळवत होतो. वाक्य संपताना पप्पांचा आवाज खाली येतो. तो आला. तोंड आपोआप उघडलं.

साधू म्हणणारा एकटाच होतो मी. आई मेणबत्तीकडं बघतेय. वनिता तोंड वासून माझ्याकडं बघतेय. पप्पा उठले आणि त्यांनी मला छातीशी धरलं. डोळ्यांत पाणी! थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झाले त्या दिवशीसुद्धा हा माणूस रडला नव्हता.

मग वनिता कानात म्हणाली, "दादा, तू वर्षभर श्रामणेर होनार हायस. ऐकलंस ना?"

श्रामणेर म्हणजे शिकाऊ भिक्खू. मुंडण, अंगावर भगवं चीवर, विहारात राहणं. येत्या पौर्णिमेपासून. म्हणजे शनिवारपासून!

सोमवार, २९ डिसेंबर

सकाळी चहा घेताना धाडस केलं. पप्पा, माझं लक्ष नव्हतं, चुकून म्हणालो.

"लक्ष नव्हतं तर साधू कावून म्हनला?"

सवय म्हणालो. तर म्हणाले, "चांगली सवय हाय." आणि विहारातल्या भंतेजींना फोन लावायला गेले. रात्रीच लावून झाला होता, आता वेळ ठरवायला.

ते वाईट नाहीत, हे लिहून ठेवतो, नाहीतर मलाच वाटेल की मी राक्षसाच्या घरात राहतो. आयुष्यभर कोळशाची राख खाल्ली, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत, आम्हाला शिकवलं. दुपारी माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "बाबासायबांनी आपल्याला धम्म दिला. आपन काय दिलं रे? वर्गनी? मला लई वाटायचं एक वर्ष तरी चीवर घालावं. संसार होता. राह्यलं. तू मोकळा हायस."

मोकळा! मी!

चाकणचं अजून सांगितलं नाही. ते बोलत असताना त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि उठून पाणी आणायला गेलो.

मंगळवार, ३० डिसेंबर

कडूबाई काकू आल्या आणि माझ्या पाया पडल्या.

मागच्या महिन्यात याच बाईनं गच्चीवरची वायर तुटली म्हणून मला भर गल्लीत शिव्या दिल्या होत्या. आज पाया! मी मागं सरकलो, भिंत लागली. म्हणाल्या, "आता तुमाला अरे-तुरे न्हाई करायचं." मी म्हणालो, काकू, अजून चीवर घातलं नाही मी. तर म्हणतात, "मनानं घातलंय की."

दिवसभर तेच. विहारातले लोक, पप्पांचे थर्मलमधले दोस्त. वनिता दरवेळी पाणी घेऊन येते आणि ओठ दाबून हसते. एकदा ओरडलो तिच्यावर. मग ती रडली. म्हणाली, "मी रडू नये म्हनून हसतेय."

बुधवार, ३१ डिसेंबर

आई खायला घालतेय. श्रामणेराला दुपारी बारानंतर जेवण नाही, म्हणून वर्षभराची रात्रीची जेवणं ती या आठवड्यात उरकून घेतेय. काल मटण, आज अंड्याची पोळी, वर शेंगदाण्याची चटणी, परत भाकरी. पोट फुटायची वेळ आली. नको म्हणालो तर ताटात अजून एक.

तिला चाकणचं सांगितलं. भाकरी थापता थापता ऐकलं. हात थांबला नाही.

"कधी जायचं?"

सोमवारी हजर व्हायचंय.

"मग पप्पाला सांग."

तू सांग ना.

"मी? मला कधी इचारलंय त्यांनी काही?" आणि तव्यावरची भाकरी अशी उलटली की पीठ माझ्या शर्टावर.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

गल्लीतली पोरं भीमा कोरेगावला गेली, काल संध्याकाळीच गाडी भरून. दर वर्षी मी असतो. यंदा पप्पा म्हणाले, "तुझी तयारी हाय." तयारी म्हणजे खाटेवर बसून पाली ओळी पाठ करणं. पाठ होतात, हाच ताप आहे. लहानपणापासून कानावर पडलेल्या. डोकं नको म्हणतं आणि तोंड घडाघडा म्हणत जातं. या तोंडानंच तर घात केला.

सुपरवायझरचा परत फोन. सोमवारी आला नाहीस तर दुसरा मुलगा उभा आहे. येतो म्हणालो. पंचशील घेतलेल्या तोंडानं इकडंही हो, तिकडंही हो.

आज फार राग आला. पप्पांचा नाही. म्हणजे पप्पांचाच, पण ते समोर येऊन माझी चादर नीट करून गेले आणि मग कुणावर काढायचा तेच कळेना. शिव्या देणारा बाप असता तर बरं झालं असतं. भांडून निघून गेलो असतो.

शुक्रवार, २ जानेवारी

विहारात गेलो. भंतेजी अंगण झाडत होते. हातातला झाडू घेऊ लागलो, दिला नाही.

सगळं सांगितलं. साधूपासून चाकणपर्यंत. वाटलं, तेच म्हणतील की राहू दे, मी बोलतो वडिलांशी. नाही म्हणाले तसं. म्हणाले, "उद्या प्रव्रज्या, ही दीक्षा, तुला स्वतः मागावी लागेल. तीनदा. तुझ्यासाठी दुसऱ्या कुणाला मागता येत नाही, वडिलांनाही नाही."

आणि नाही मागितली तर?

"तर नाही मिळणार."

इतकंच! आणि परत झाडायला लागले.

येताना पाय हलके झाले होते. स्टेशनच्या रस्त्यापर्यंतच. पुढं आल्यावर कळलं, म्हणजे सगळं माझ्यावरच आलं. भरल्या विहारात, पप्पांच्या समोर, सगळ्या वस्तीच्या समोर मी तोंड बंद ठेवायचं. घरी आलो तर पप्पा चीवराला इस्त्री करायची असते का, असं फोनवर कुणाला तरी विचारत होते.

आईला सांगितलं भंतेजी काय म्हणाले ते. ती म्हणाली, "मग गप बस उद्या." मी म्हणालो, पप्पांची मान खाली जाईल. "जाऊ दे. मानच हाय, परत वर येती." असं आई कधी बोलत नाही.

शनिवार, ३ जानेवारी, पौष पौर्णिमा

सकाळीच मुंडण झालं. पप्पांनी स्वतः डोक्यावरून पाणी ओतलं, कोमट करून. टकलावर वारा लागतोय. वनितानं फोटो काढायला मोबाइल उचलला आणि खाली ठेवला.

पांढरे कपडे घातलेत. बाहेर रिक्षा आलीय. पप्पा हाक मारतायत, "प्रवीण, चला!" चला म्हणाले. चल नाही.

काय करणार आहे मी? खरंच माहीत नाही. जातो.

रविवार, ४ जानेवारी

गप्प बसलो. काल विहारात भंतेजींनी तीनदा माझ्याकडं पाहिलं, तीनदा गप्प बसलो. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बोल की बे!" मला पप्पांकडं बघवेना.

मग पप्पाच उठले. चष्मा काढून वनिताच्या हातात दिला, माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसले आणि प्रव्रज्या मागितली. स्वतःसाठी. तीनही वेळा, एकही शब्द न चुकता. भंतेजींनी त्यांना थांबवलं, आईला विचारलं, तुमची परवानगी आहे का. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी विचारत होतं. तिनं वनिताच्या हातातला चष्मा पदरानं पुसला. मग म्हणाली, "असू द्या. त्यांची लई इच्छा हाय."

वर्षभर! तिथंच त्यांचं मुंडण झालं आणि माझ्यासाठी आणलेलं चीवर त्यांना पुरलं. बाहेर आल्यावर मी पाया पडलो, तर नेहमीसारखा हात डोक्यावर नाही ठेवला त्यांनी, नुसतं हसले. इतके हलके ते मला कधी दिसले नव्हते.

आज घरात आम्ही तिघंच. आई सकाळपासून चहाच्या पातेल्यासमोर बसून आहे, दूध किती घालायचं तेच तिला कळत नाहीये. वनिताची परीक्षा तोंडावर आलीय. मला कुणी काही बोललेलं नाही. थांब म्हणून नाही, जा म्हणूनही नाही.

दुपारी मीच चाकणला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं.