पाडव्याला येण्याआधी

कर्वेनगर, पुणे
१६ ऑक्टोबर २००८

प्रिय अवनी,

रविवारी तुझा फोन ठेवल्यापासून हे पत्र चौथ्यांदा सुरू करतेय. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींमध्ये मी प्रकृतीच्या चौकशीत शिरले आणि तिथेच रेंगाळले. चौतीस वर्षं मुलींना निबंध शिकवले, ‘पाल्हाळ नको, मुद्द्यावर या’ असं वहीत लाल शाईनं लिहिलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा ही गत. शेवटी बाबा म्हणाले, “फोन करू नकोस. फोनवर तू सारवासारव करशील. लिही.” ई-मेल करता येतो मला, तूच शिकवलास, पण हे पुसता येणाऱ्या अक्षरात लिहू नये असं वाटलं.

परवापासून पहाटे पंखा बंद करावा लागतो. दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरलं की हातांना गार लागतं. ही हवा आली की माझे पाय अजून पॅडल शोधतात. तुला आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? पहिला दिवाळसण तुम्ही अकोल्याला केलात. दुसऱ्या दिवाळीला कुठलंसं अमेरिकेतलं काम अंगावर आलं, तुला रजा मिळाली नाही. तू गॅलरीत पाठमोरी उभी होतीस आणि कपडे वाळले नसतानाच काढत होतीस. मला समजूत घालता येत नाही, म्हणून मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, की माहेरी असताना मी नारायण पेठेतून कॉलेजला सायकलवर जायची, आणि लग्नानंतर बत्तीस वर्षांत हँडलला हात लावला नाही. तू वळलीस. डोळे ओलेच होते, पण त्यात एकदम लबाडी आली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मैत्रिणीची सायकल मागून आणलीस आणि तुझा सैलसर पंजाबी ड्रेस माझ्या पलंगावर ठेवलास. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तू म्हणालीस, “अहो आई, लोक साडेपाचला झोपलेले असतात.”

वारज्याच्या उतारावर मी ब्रेक लावायचाच विसरले आणि भाजीच्या हातगाडीत शिरले. तो गाडीवाला शांतपणे म्हणाला, “आजी, मेथी सुटी देऊ का गाडीसकट?” तू रस्त्यावर बसून हसत होतीस. माझं कोपर सोललं होतं आणि मीही हसत होते. घरी आल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं, कोपराकडे पाहिलं, आणि म्हणाले, “वा. सुनेनं सासूला पाडलं, हे पेपरात देण्यासारखं आहे.” पण दुसऱ्या दिवशी आपल्या आधी उठून थर्मासमध्ये चहा त्यांनीच भरला.

मग ते ठरूनच गेलं. दिवाळीच्या सुट्टीत रोज, आणि पुढे नाताळपर्यंत जमेल त्या रविवारी. राजाराम पूल, सिंहगड रस्ता, धायरी फाटा आणि तिथून खडकवासला. पहिल्या वर्षी धायरीच्या बाजूला अजून ज्वारी दिसायची, कणसांवर दव असायचं. पुढच्या वर्षी तिथेच इमारतींचे फलक लागले. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या समोरून यायला लागल्या की तू म्हणायचीस, चला, आता उलटं फिरायचं, कैदी न्यायला गाड्या आल्या. धरणावरच्या त्या चहावाल्या चंद्रभागाबाई! आपलं नातं कळल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवून आपल्याकडे पाहिलं होतं. “सासू-सुना हाय व्हय तुमी? मला वाटलं, मायलेकी.” तू काही दुरुस्ती केली नाहीस. मीही केली नाही. घरी परतेपर्यंत मी त्या एका वाक्यावर सायकल चालवत होते.

दोन हजार तीनच्या भाऊबीजेला आपण चौघं गेलो होतो. केदार सुट्टीच्या दिवशी साडेनऊच्या आत उठणारा नव्हे, पण तू त्याला पांघरुणासकट ओढून काढलंस. बाबांनी त्यांची माळ्यावरची सायकल उतरवली. धायरी फाट्याला तुझी साखळी उतरली आणि केदारनं रस्त्याकडेला उकिडवं बसून ती बसवली, काळे हात तुझ्या नाकाला पुसले. भजी खाताना शेवटचं भजं त्यानं तुझ्यासाठी राखून ठेवलं आणि बाबांनी ते उचललं, त्यावरून केवढं भांडण! त्या दिवशीचा केदार खोटा नव्हता, अवनी. हे मी त्याची आई म्हणून सांगत नाही. मी समोर बसले होते आणि पाहत होते, म्हणून सांगते. पुढे त्याचं काय झालं हे मला आजही नीट कळलेलं नाही, आणि त्याचं समर्थन करायला हे पत्र नाही.

तो दोन हजार पाचच्या जानेवारीत अमेरिकेला गेला. सव्वा वर्षाचाच प्रश्न होता, तुझी इथली नोकरी चांगली होती, तू आमच्याजवळ राहिलीस. खरं सांगू? मला बरं वाटलं. मुलगा सातासमुद्रापार गेल्याचं जेवढं वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही, कारण तू होतीस. त्या वर्षीच्या दिवाळीत चकल्या तू केल्यास आणि त्या मऊ पडल्या. बाबा म्हणाले, “छान. कवळी असलेल्यांचीही सोय झाली.” तू रुसून बसलीस, मग त्यांनी एकट्यानं अर्धा डबा संपवला. सुट्टीत एकही सकाळ आपण चुकवली नाही. पाडव्याला तू मला ओवाळलंस, मी म्हटलं, अगं, हे काय, पाडव्याला नवऱ्याला ओवाळतात. तू म्हणालीस, तो येईपर्यंत बदली खेळाडू तुम्ही. ती दिवाळी तू नेहमी आठवतेस. इतकं हसलो होतो आपण, असं म्हणतेस. मीही हसत होते, ते तू पाहिलंयस.

आता लिहायलाच हवं.

त्या दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी, तू ऑफिसला गेल्यावर, केदारचा फोन आला होता. बाबा बँकेत गेले होते. तो म्हणाला, “आई, मी मार्चमध्ये येईन, पण अवनीबरोबर राहायला नाही. इथे माझं दुसरीकडे जुळलंय. सहा-सात महिने झाले.” मी विचारलं, तिला सांगितलंस? तर म्हणाला, असं फोनवर सांगणं बरं नाही, समोर येऊन सांगतो, तोवर तू काही बोलू नकोस. मी काय म्हणाले असेन असं तुला वाटतं? मी ओरडले, रडले, त्याला नालायक म्हटलं. हे सगळं खरं आहे. पण फोन ठेवण्याआधी मी ‘बरं’ असंही म्हणाले. मग चेहरा धुतला आणि अनारशाचं पीठ बाहेर काढलं, कारण संध्याकाळी तुला अनारसे शिकवायचं ठरलं होतं.

म्हणजे त्या दिवाळीतल्या प्रत्येक सकाळी, राजाराम पुलावर तू पुढे आणि मी मागे असताना, मला माहीत होतं. तू ओवाळलंस तेव्हा मला माहीत होतं. मी स्वतःला सांगत होते की पोरीची दिवाळी कशाला नासवा. पण अवनी, मी शिक्षिका होते, मला पळवाट ओळखता येते. मला माझी दिवाळी नासवायची नव्हती. ज्या दिवशी तुला कळेल त्या दिवशी तू जाशील, हे मला दिसत होतं. मला अजून थोडे दिवस तू हवी होतीस.

एवढंच असतं तर कदाचित मी ते पोटात घेऊन गेलेही असते. पण भाऊबीजेच्या सकाळी धरणाच्या कठड्यावर बसून तू मला सिंगापूरचं सांगितलंस. दोन वर्षांचं काम, एका अख्ख्या गटाची प्रमुख म्हणून. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तू आईवडिलांशी बोलली नव्हतीस, केदारशीही नाही. आधी मला विचारलंस. “अहो आई, जाऊ का? केदार मार्चमध्ये येतोय आणि मी जाणार, हे बरं दिसेल का?” पाण्यावरून वारा येत होता, तुझ्या हातात चहाचा ग्लास होता, तू दोन्ही हातांनी धरला होतास. मला तेव्हा एकच शब्द बोलायचा होता. जा. बाकी काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. आणि मी म्हणाले, “आता कुठे जातेस, बाळ? चार महिन्यांत तो येईल. संसार आधी.” तू मान हलवलीस. सोमवारी नाही म्हणून कळवून टाकलंस, आणि संध्याकाळी येताना माझ्यासाठी शेवंतीचा गजरा आणलास.

मार्चमध्ये तो आला. तुम्ही दोघं खोलीत होतात, चाळीस मिनिटं. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. तू बाहेर आलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि पहिलं वाक्य काय बोललीस ठाऊक आहे? “आई, बसा बरं तुम्ही आधी. तुमचा चेहरा पांढरा पडलाय.” तुला वाटलं, मलाही आत्ताच कळलं. तू मला पाणी दिलंस, पाठीवरून हात फिरवलास, तुम्हाला किती धक्का बसला असेल म्हणालीस. मी तो हात झिडकारला नाही. त्या घरात त्या दिवशी धीर जिला मिळायला हवा होता तिनं तो मला दिला, आणि मी तो घेतला.

नंतरचं तुला माहीतच आहे. घटस्फोटाची कागदपत्रं झाली. त्याच कंपनीत, जिथे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तिथे तुला दोन वर्षं मान खाली न घालता बसावं लागलं. तुझ्या जागी सिंगापूरला गेलेली सहकारी आता तुझी वरिष्ठ आहे, हे तू मागे सहज बोलून गेलीस. तू येत राहिलीस. बाबांच्या वाढदिवसाला, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी. प्रत्येक वेळी सायकलचा विषय काढलास आणि प्रत्येक वेळी मी गुडघा पुढे केला. गुडघा ठणठणीत आहे, अवनी. दोन्ही दिवाळ्यांना ठणठणीत होता. मला फक्त तुझ्यामागून पुन्हा त्या पुलावरून जाववत नव्हतं.

बाबांना मी गेल्या महिन्यात सांगितलं. तीन वर्षं त्यांच्यापासूनही लपवलं होतं. त्यांनी हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, “म्हणजे तिला वाटत होतं, ती तुला फिरवतेय. आणि फिरवत तू होतीस.” त्यानंतर आठ दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या बोलण्याला मी चाळीस वर्षं हसत आले, या वेळी हसता आलं नाही. ते तुझ्या बाजूचे आहेत, हे तुला कळावं. त्यांच्यावर राग धरू नकोस; त्यांना खरोखर काही माहीत नव्हतं.

रविवारी तू फोनवर म्हणालीस, पाडव्याला सकाळी येते, सायकल घेऊन, या वेळी गुडघ्याचं कारण चालणार नाही. मी नेहमीसारखं टाळणार होते. पण पुढे तू म्हणालीस, “अहो आई, ती शेवटची दिवाळी आठवूनच मी ही दोन वर्षं काढली. केदार तेव्हा खोटं बोलत होता, ठीक आहे. पण आपण तिघं तरी खरे होतो ना. तेवढं एक माझ्याकडे आहे.” मी ‘हो’ म्हणाले. पुन्हा एकदा, किती सहज. फोन ठेवल्यावर मला कळलं, की आता तू आलीस आणि मी तुझ्याबरोबर निघाले, तर तुझ्या आयुष्यातली मी दुसरी दिवाळी खोटी करेन. म्हणून हे लिहिलं. तुझ्याकडे असलेली ती एक गोष्टही मी काढून घेतेय, हे मला समजतंय, आणि तरी ती खोटी तुझ्याकडे राहू देणं जास्त वाईट, असं मनाशी ठरवायला मला तीन वर्षं लागली. क्षमा मागत नाही. क्षमा मागितली की तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग पुन्हा मीच घेणारी. पाडव्याला येऊ नकोस. पुढेही यावंसं वाटलं नाही तर कुणाला कारण द्यायला बांधलेली राहू नकोस, बाबांनाही नाही. आणि पुढच्या वेळी कुणी कुठे बोलावलं, तर कुणालाही न विचारता जा.

तुझीच, पण ‘आई’ असं आपल्या हातानं लिहवत नाही, म्हणून नुसती
श्यामला